बरणीतला ठिपका

दशरथभाऊंच्या घरून वहिनींचा फोन आला तेव्हा सकाळचे आठ वाजत होते आणि बरणी माझ्या हातात होती. "ताई, ह्ये गेलं वो..." एवढंच त्या म्हणाल्या. बाहेर बाकावर दिवसाची पहिली पेशंट बसली होती. मी बरणी मशीनमध्ये ठेवली, तपासणी पुरी केली आणि मगच रडले. आधी रडले असते तर दशरथभाऊंना ते खपलं नसतं.

भाऊ म्हणजे आळेफाट्याजवळच्या आमच्या स्कॅन सेंटरचे एमआरआय टेक्निशियन. मी बारा वर्षं त्यांच्या हाताखाली होते. मशीन खरं दाखवतंय की नाही, हे रोज तपासायला लागतं, आणि त्यासाठी मशीनला माणसाच्या मांसासारखं दिसेल असं काहीतरी लागतं. आमची विकतची बरणी फुटली तेव्हा नवी येईपर्यंत थांबायला भाऊ तयार नव्हते. त्यांनी पुडिंग थिजवायला वापरतात ते चायना ग्रास उकळलं, त्यात थोडं मीठ आणि द्राक्षबागेवर फवारतात तो मोरचूद चिमूटभर घातला, आणि ते जेल प्लॅस्टिकच्या बरणीत थिजवलं. मी हसले तर म्हणाले, "हसू नका ताई. माजा बा मेंढरं चरायला काढायच्या आधी एकेकीच्या पाठीवरनं हात फिरवायचा, मंगच वाडगं उघडायचा. आपलं बी तसंच." तेव्हापासून रोज पहिला नंबर बरणीचा.

गेल्या वर्षी त्यांचं डोकं दुखायला लागलं. गोळ्या खाऊन दिवस ढकलत होते. एके सकाळी जेल वाळून कडेनं सुटलेलं दिसलं म्हणून त्यांनी ते टाकून दिलं आणि पेशंट थांबवले. मशीन रिकामं होतं. मीच हट्ट धरला, तुम्हीच आत झोपा, डोकं बघू. "बरणी लावल्याबिगर?" ते कुरकुरले, पण झोपले. पडद्यावर मेंदूच्या डाव्या बाजूला काळा ठिपका उमटला. आतून भाऊ विचारत होते, "झालं का वो?" आणि मी तोच ठिपका पुन्हा पुन्हा मोठा करून बघत होते...

उठून त्यांनी स्वतःच पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी म्हणाले, "मशीनचा दोष असेल. मी जेल करते." हळू ढवळायचं, हवा निघू द्यायची, ही त्यांची शिकवण. मी भराभर ढवळलं. घाईनं, की मनात दुसरंच काही होतं, आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. बरणी आत गेली आणि पडद्यावर, डावीकडेच, काळा ठिपका! मी टाळी वाजवली. "भाऊ, मशीनच बिघडलंय!"

भाऊ हसले नाहीत. आत जाऊन त्यांनी बरणी अर्धी फिरवली आणि पुन्हा स्कॅन लावला. दोष मशीनचा असता तर ठिपका जागेवरच राहिला असता. तो बरणीबरोबर उजवीकडे गेला.

"बुडबुडा हाय ताई. तुमी भराभरा ढवळलंत."

दुसरं जेल त्यांनी स्वतः केलं. ते थिजेपर्यंत आम्ही बाकावर बसून होतो. मला त्यांचा भयंकर राग आला होता. एक दिवस खोटं मानलं असतं तर काय बिघडलं असतं? ते ओळखून म्हणाले, "मशीन बिगडलंय म्हनून लिवलं, तर उद्या आलेल्या पेशंटला काय सांगू?" बरणी आत गेली. पडदा सगळा करडा, एकसारखा. कुठे काही नाही. "मशीन लई भारी हाय बगा," भाऊ म्हणाले, आणि घरी फोन लावायला बाहेर गेले.

ते जेल केव्हाच वाळलं. आता नवं मी करते, अगदी हळू ढवळून. बरणी मात्र तीच आहे. भाऊंना जाऊन दीड महिना झाला. रोज सकाळी पडदा स्वच्छ येतो, पेशंट वाट पाहत असतात, पण मी आधी डावीकडे बघते. एकदा तरी तिथे ठिपका दिसावा... बरणी कितीही फिरवली तरी जागचा न हलणारा.