कीर्तनाला दहा पुरुष लागत नाहीत

एस्तेरबाईंची माझी पहिली भेट मूल गावच्या सरकारी दवाखान्यात झाली. त्या तिथल्या नर्स; मी शाळामास्तर, हौसेने पेटी वाजवणारा. माझ्या बोटाला पट्टी बांधताना त्या काहीतरी गुणगुणत होत्या. शब्द कळेनात, तरी मी शहाणपणा केला, "बाई, धैवत उतरला."

"बोट दाखवाले आले, का सूर शिकवाले?" म्हणत बाईंनी पट्टी अशी आवळली की मी ओरडलोच. ते हिब्रू स्तोत्र होते आणि त्यात धैवत उतरलेलाच असतो, हे मला पुढे कळले. तेव्हापासून त्यांच्या कीर्तनात पेटीवर मी असतो.

बाई कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. यजमानांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे इकडे आल्या आणि तीस वर्षांत आमच्यासारखेच बोलू लागल्या. चांदा जिल्ह्यात त्यांचे प्रार्थनामंदिर नाही. आईकडून पाठ केलेली हिब्रू स्तोत्रे आणि धर्मग्रंथातल्या कथांवरची मराठी कीर्तने, एवढीच त्यांची शिदोरी. मिर्यामच्या आख्यानात गुलामीतून सुटलेले लोक समुद्र पार करतात, तेव्हा बाई डफ घेऊन नाचू लागतात. बाईमाणसाने असे नाचावे का, असे बाजारातल्या काही प्रतिष्ठितांनी विचारले. पुढचे कीर्तन बाईंनी भर बाजारात लावले.

यजमान वारल्यानंतर त्यांच्या वर्षदिनाची गोष्ट तर मी मरेपर्यंत सांगेन. त्यांच्यात सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. नागपूर, बल्लारपूर धरून नऊ जमले. दहावे जंगलखात्यातले, वैनगंगेच्या पुरामुळे ते पलीकडेच अडकले. मुंबईहून आलेल्या थोरल्या दिरांनी पोथी मिटली.

"दहा नाहीत. प्रार्थना होणार नाही."

"मले धरून दहा होतात," बाई म्हणाल्या.

"बायका मोजत नाहीत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाई मात्र शांतपणे उठल्या. "बरं भाऊजी, तुमचा नेम तुम्ही पाळा. कीर्तनाले दहा लागत नाई. मास्तर, पेटी काढा."

त्यांनी हन्नाचे आख्यान लावले. मूल व्हावे म्हणून ती मंदिरात मनातल्या मनात प्रार्थना करते आणि पुरोहिताला ती दारू प्यायलेली वाटते. "देवाच्या घरात बाईचे ओठ हलले, तं म्हणे पिऊन आली!" दिरांकडे पाहत बाई कडाडल्या. "पन देवानं ऐकलं का नाई?" शेवटी त्यांनी यजमानांचे नाव घेतले, तेव्हा नऊपैकी आठ पुरुष धृपद धरून गात होते. दिरांनी पोथी उघडली नाही. पण ते उठूनही गेले नाहीत. मला रडू आवरले नाही.

यंदा बाईंना साठ वर्षे पूर्ण झाली. दोन्ही मुलगे इस्राएलला निघालेत. तिथे गल्लोगल्ली प्रार्थनामंदिरे आहेत, तुम्हीही चला, असे त्यांनी महिनाभर आळवले. बाईंचे उत्तर मी समोर बसून ऐकले. "तिथं दहा काय, हजार भेटतील. इथून मी गेली, तं एकही उरत नाई."

मुलगे रागावले तर रागावोत, पण माझे मागणे स्वार्थी आहे. एस्तेरबाईंना ठणठणीत शंभर वर्षे लाभोत आणि त्यातला एकही दिवस त्यांनी मूलबाहेर काढू नये.