गव्हाळ रंग

निवृत्तीनंतर ह्यांनी मागच्या पडवीत कातकामाचा एक जुना लेथ बसवला. त्यावर लागणारी बारीक हत्यारंही हे स्वतःच घडवतात. काल दुपारी लागोपाठ दोन बिघडली, तेव्हा थकल्या आवाजात हाक आली, "अगं, जरा इकडे येतेस?"

एरवी त्या पडवीत मला बोलावणं नसतं.

बोटाएवढी पोलादी सळई होती. लाल तापवून तेलात बुडवली की ती कडक होते, पण काचेसारखी ठिसूळही. म्हणून तिला पुन्हा मंद आच द्यायची. "आधी फिकट पिवळी दिसेल, मग गव्हाळ. गव्हाळ झाली की लगेच सांग. निळी झाली तर वाया गेली."

रंग हळूहळू टोकाकडे सरकत होता. "झाली!" मी म्हटलं. ह्यांनी ती पाण्यात बुडवली, कानस लावून पाहिली. हत्यार साधलं होतं.

"तुम्हाला रंग दिसत नाहीत?"

हे बराच वेळ हात पुसत राहिले. "दिवाळीपासून. सगळंच धुरकट दिसतं."

चाळीस वर्षं ज्याच्याकडे पाहत आलो, त्याच्याकडे आपण नेमकं कधी पाहायचं थांबतो, ते कळतही नाही. रोज सकाळी मी ह्यांच्या हातात पेपर देते. हे तासभर तो उघडून बसतात. मी ओट्यापाशी उभी राहून विचारते, "काय म्हणतोय पेपर?"

आणि हे म्हणतात, "काही विशेष नाही."