पेनड्राइव्ह उघडतो, पान उघडत नाही

महिनाभर मला धड झोप नव्हती, आणि तेही एका न उघडणाऱ्या फाइलमुळे, असं सांगितलं की लोक हसतात. खरी काळजी वेगळी होती. इरा साडेतीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. पाणी हवं असलं तरी माझा हात धरून माठापाशी न्यायची. आणि मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकलंय.

घाटकोपरला स्पीच थेरपीच्या खोलीबाहेर एक बाकडं आहे. शनिवारी तिथे आम्ही तिघी आया बसतो. मुलं आत एका शब्दाला तासभर लावतात, आणि बाहेर आमच्याकडे किस्से साठत जातात.

बहुतेक किस्से थेरपीच्या मॅडमनी दिलेल्या पेनड्राइव्हचे. घरी सराव व्हावा म्हणून त्यांनी स्वतः पानं बनवलीत. चित्रावर क्लिक केलं की त्यांच्याच आवाजात शब्द ऐकू येतो. "ब्राउझरमध्ये उघडा, नेट लागत नाही," एवढंच त्या म्हणाल्या. तिथूनच आमची वाट लागली.

मेघना कांजूरमार्गची. तिच्याकडे पान पहिल्या फटक्यात उघडलं. खूश होऊन तिच्या सासऱ्यांनी वरच्या पट्टीतला, सी ड्राइव्हपासून सुरू होणारा अख्खा पत्ता कॉपी केला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला: "नातवाचा अभ्यास. सर्वांनी पाहावा." आता ते पान होतं फक्त त्यांच्या लॅपटॉपवर. दुसऱ्या कोणाकडे उघडणार कसं? तरी संध्याकाळपर्यंत सात जणांनी "खूपच सुंदर" म्हणून कळवलं. एका आत्याच्या तर डोळ्यांत पाणी आलं.

"सासऱ्यांना सांगितलंस?" मी विचारलं.

"कशाला गं? ते खूश आहेत, आत्या पण खूश आहेत."

प्रणाली वर्सोव्याहून मेट्रोने येते. घरचा मासळीचा धंदा. तिने फोल्डरमधून तेवढं एक पान उचलून डेस्कटॉपवर ठेवलं आणि बाकीचं, उगाच जागा अडवतंय म्हणून, डिलीट केलं. पान उघडलं, पण चित्रांच्या जागी फाटक्या कागदाच्या चिमुकल्या खुणा.

"अगं, चित्रं त्या फोल्डरमध्येच होती," मॅडम म्हणाल्या. "पान त्यांना तिथेच शोधतं."

"म्हणजे मी पाटी घेऊन बाजारात आले नि म्हावरं घरी ठेवलं."

पण तोवर आठवडाभर तिचा साहिल रोज त्या खुणांवर बोट ठेवत होता. मॅडमनी त्याच्या वहीत लिहिलं: नवीन शब्द, एक. 'फाटलं'.

आम्ही पोट धरून हसलो. मग मनात आलं, साहिलच्या वहीत निदान 'फाटलं' होतं. इराची वही कोरी होती.

माझ्याकडे ब्राउझर सरळ सांगायचा, फाइल कुणीतरी हलवली, बदलली किंवा डिलीट केली असेल. मी काही केलं नव्हतं. पण असा आरोप झाला की मला तो आधी पटतो. मी कॅशे साफ केली, ब्राउझर काढून पुन्हा टाकला, त्यात नवऱ्याचे सेव्ह केलेले पासवर्ड उडवले. शेवटी तोच शेजारी येऊन बसला.

"यार, ही अजून झिपच आहे ना! तू गाठोडं न सोडताच आतला सदरा घालतेयस."

राइट क्लिक, एक्स्ट्रॅक्ट ऑल, झालं. एमएस्सी आहे मी. एका राइट क्लिकपायी इराचा महिना गेला, हे बाकड्यावर अजून सांगितलेलं नाही.

रविवारी सकाळी इराला मांडीवर घेऊन पान उघडलं. पहिलंच चित्र: हिरवी साडी, गोल अंबाडा, कपाळावर टिकली, हसरी बाई. मी क्लिक केलं.

"ही कोण? ही आई," मॅडमचा आवाज आला.

पुन्हा क्लिक केलं. "ही आई."

इराने स्क्रीनकडे पाहिलं. मग मान वळवून माझ्याकडे, माझ्या गाऊनकडे, न विंचरलेल्या केसांकडे बराच वेळ पाहत राहिली. मग चित्रातल्या बाईच्या तोंडावर अख्खा तळहात ठेवला.

"ही नाही," म्हणाली.