भैरूच्या उजव्या हाताला

हिंगण्याच्या भैरू गाडीवानाला बुधवार पेठेत ओळखत नाही असं घर सापडणं कठीण. सवाई माधवरावांच्या अमलातली ही गोष्ट. लेकीबाळींना सासरी पोचवायचं असो की म्हाताऱ्याकोताऱ्यांना जेजुरीला न्यायचं असो, निरोप भैरूलाच जायचा. दमणी, म्हणजे छपराची हलकी बैलगाडी, बऱ्याच जणांकडे होती. पण भैरूच्या दमणीत मांडीवर निजलेलं मूल जागं होत नाही, अशी त्याची ख्याती. पुढे दगड दिसला की तो बैलांना नुसतं हळूच "हं" म्हणायचा, आणि बैल आपण होऊन बाजूला सरायचे.

एका सकाळी तो हरण्या बैलाच्या मानेवर जू ठेवत होता. बैलाच्या नाकाडावर गोमाशी बसली. त्यानं मान झटकली आणि शिंगाचं टोक भैरूच्या उजव्या डोळ्यात गेलं. त्याची बायको तुळजाबाई हातातलं शेण टाकून धावली. मग वैद्य झाले, झाडपाला झाला, खंडोबाला नवस झाला. जीव वाचला, डोळा गेला.

"विकून टाक तो बैल. मारका झालाय," गावातले म्हणाले.

"मारका कशानं? त्यानं माशी हाकलली. मी मधी आलो," भैरू म्हणाला. दोन दिवस हरण्या वैरणीला तोंड लावत नव्हता. भैरू डोळ्यावर पट्टी घेऊनच गोठ्यात गेला आणि त्याच्या गळ्याखाली खाजवत बसला, तेव्हा कुठे तो खाऊ लागला.

जखम भरली, पण खरी अडचण पुढेच होती. एका डोळ्याला जवळ काय अन् लांब काय, ते कळेना. तुळजाबाई भाकरी पुढे करायची आणि त्याची मूठ अलीकडेच मिटायची. मग ती भाकरीच त्याच्या हाताला लावायची. पहिल्यांदा गाडी पेठेत नेली, तेव्हा बोळात उजवं चाक कुंभाराच्या मांडलेल्या मडक्यांवरून गेलं आणि गाडी पुढच्या घराच्या ओट्यावर घासली. घरमालक बाहेर आले. गाडीकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं.

"या, या," ते म्हणाले. "बैलांना पाट मांडू, की उभ्यानंच जेवतील?"

बोळभर हशा पिकला. भैरूनं गाडी कशीबशी वळवली आणि तो तडक घरी आला. तशात आणखी एक झालं. शुभकार्याला निघताना काणा माणूस समोर नको, असं लोक मानायचे. त्याच्या तोंडावर कुणी बोललं नाही. निरोप तेवढे यायचे थांबले. भैरूनं दमणी गोठ्यामागे उभी केली ती केलीच.

पाऊसकाळ सरला. एका सकाळी बघतो तर तुळजाबाईनं स्वतःच बैल जुंपलेले आणि दमणीत दुधीभोपळे भरलेले.

"कुठं निघालीस?"

"बाजारला."

"मी न्हाई हाकत."

"मग मी हाकते. तुमी भोपळ्यात बसा."

नाइलाजानं त्यानं कासरा हातात घेतला. तुळजाबाई त्याच्या उजव्या हाताला बसली आणि तिचं तोंड सुरू झालं. "हातभर हाय अजून. आता ईतभर. अवं, दाबा डावीकडं, चाटतंय!" भैरू वैतागून म्हणे, "वरडू नगं, बैल बुजत्यात." ती म्हणे, "बैल न्हाई बुजत, तुमीच बुजताय." लकडी पुलावर एकानं विचारलं, "काय बाई, गाडीवान कोण म्हणायचा?" ती म्हणाली, "ते दोघं म्होरं चाललेत, त्यास्नी इचारा."

होता होता भैरूची भीड चेपली. पाखरासारखी मान वळवून बघायची त्याला सवय लागली. भोपळे गेले, कांदे गेले, पेठेत चाक कुठे घासेनासं झालं. पण माणसं त्यानं गाडीत घेतली नव्हती. कुणी बोलावलंही नव्हतं.

मग एक दिवस दीनानाथपंतांचं बोलावणं आलं. पंत बुधवारातले भिक्षुक. त्यांची लेक आनंदी सासवडला दिलेली. तिला बाळंतपणाला माहेरी आणायचं होतं.

"तिचा निरोप आहे, भैरूदादाचीच गाडी पाठवा, दुसऱ्या गाडीत पाय ठेवणार नाही," पंत म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "दिवेघाट आहे, भैरू. खरं सांग, जमेल?"

"खरं सांगायचं तर, पंत, मलाच ठाव न्हाई."

मागून तुळजाबाई म्हणाली, "मी संगं जाते."

पंतांनी तिच्याकडे पाहिलं. "मग जा. हिच्यापुढे घाटाची काय बिशाद!"

आनंदीचा हट्ट उगाच नव्हता. ती नऊ वर्षांची असताना लग्न होऊन सासरी निघाली, ती भैरूच्याच गाडीतून. घाटमाथ्यावर पुणं दिसेनासं झालं, तशी ती हमसून रडू लागली. वऱ्हाडातली मंडळी पुढे चला म्हणून ओरडत होती. भैरू खाली उतरला, चाकाशी बसला आणि "कण्याला वंगण घालतो, जरा दमानं घ्या" म्हणाला. वंगण काही त्यानं घातलं नाही. पोरीचं रडून होईस्तोवर चाकाआड बसून राहिला. आनंदीनं ते पाहिलं होतं.

सासवडला वाड्याच्या दारात आनंदीच्या सासूबाईंनी भैरूला पाहिलं आणि पदर सावरत त्या म्हणाल्या, "निघायच्या वेळी तेवढा समोर राहू नकोस, बाबा." भैरू मुकाट्यानं गाडीमागे जाऊन उभा राहिला. आनंदी बाहेर आली. दिवस भरत आलेले, पाय सुजलेले. ती गाडीत न चढता सावकाश वळसा घालून मागे गेली आणि भैरूच्या अगदी समोर उभी राहिली.

"दुखतो का रे, दादा?"

"आता न्हाई, ताई."

"मग चल. आई वाट बघत असेल."

घाट लागला. उतारावर गाडी बैलांच्या अंगावर जाऊ नये म्हणून भैरूनं मागे ओंडका बांधला. उतरताना दरी उजव्या हाताला होती, म्हणजे नेमकी जिथे त्याला काही दिसत नव्हतं तिथे. तुळजाबाई बोलत होती, बैल पाय रोवत होते. निम्मा घाट उतरून झाला आणि वळणापलीकडून घंटांचा आवाज आला. लमाणांचा तांडा, पाठीवर धान्याच्या गोण्या लादलेले बैल, वर चढत होता. वाट अरुंद. थांबायला जागा नाही, मागे फिरायला त्याहून नाही. गाडी दरीच्या बाजूला घेण्यावाचून इलाज नव्हता.

तुळजाबाईनं खाली उडी टाकली. भैरूला आवाज आला तो चाकाच्याही पलीकडून.

"हातभर हाय. घ्या म्होरं."

"तुळजे, कुठं हायस तू?"

"चाकापाशी. म्होरं घ्या."

चाकाखालून एक दगड सुटला. तो आपटत आपटत खाली जाताना भैरूला ऐकू येत राहिला. आपली बायको चाक आणि दरी यांच्या मधे आहे, आणि आपल्याला ती दिसत नाही, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

"आत ये म्हणतो ना!"

"ईतभर हाय. बोलू नका, हाका!"

लमाणांचे बैल डाव्या बाजूनं छपराला घासत चालले होते. गाडीत आनंदी काठाला घट्ट धरून, डोळे मिटून बसली होती. भैरूनं कासरा सैल सोडला आणि नेहमीसारखं हळूच म्हटलं, "हं." हरण्यानं आणि त्याच्या जोडीच्या चांद्यानं एकेक पाऊल टाकलं. बाजूनं तुळजाबाईचा आवाज चालत होता. "हाय... हाय... जरा डावं... हाय." शेवटचा बैल गेला. वाट रुंद झाली.

पायथ्याला वडकीत गाडी थांबली. भैरू कासरा टाकून खाली उतरला. तुळजाबाई समोर आली तसा तो कडाडला, "मेली असतीस म्हंजे?"

लुगड्याची धूळ झटकत ती म्हणाली, "मेले असते तर आवाज बंद झाला असता. तवा गाडी थांबवायची, येवढं तुमास्नी कळतंय की."

भैरूनं तिचा हात धरला, तळव्यावरचं खरचटलेलं बघितलं आणि मुंडाशाच्या टोकानं तो ते पुसत राहिला.

आतून आनंदी म्हणाली, "तुमचं भांडण झालं असेल तर मला पाणी द्या."

आनंदीला मुलगी झाली. बारशाला पंतांच्या घरून तुळजाबाईला आवर्जून बोलावणं आलं, खणानं ओटी भरली गेली. हळूहळू पेठेतून पुन्हा निरोप येऊ लागले. सगळीकडून नव्हे. काही घरांनी त्याला शेवटपर्यंत बोलावलं नाही. त्यांच्या दारावरून जाताना तो आपणच मान वळवायचा. पण बाकीच्यांना दमणी येतेय हे लांबूनच कळायचं. आधी नवरा-बायकोची वादावादी ऐकू यायची, मग घुंगरं.

पुढे एकदा तुळजाबाई तापानं निजली होती. भैरू एकटाच गाडी घेऊन गेला आणि दुपारी परत आला.

"कुठं घासलं का?" तिनं अंथरुणातूनच विचारलं.

"न्हाई कुठं."

"मग तोंड का पाडलंय?"

भैरू तिच्या उशाशी टेकला. "लई गप गप वाटलं," तो म्हणाला, आणि तिच्यासाठी पेज ठेवायला चुलीकडे गेला.