हुवैराला जाण्याआधी

माझ्या सासूबाई, सुनेत्रा, दोन वर्षांपूर्वी ओहायोतल्या डब्लिनला आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या. दोन बॅगांपैकी एक निव्वळ चादरी, मेणबत्त्या आणि सुईदोऱ्यांनी भरलेली होती. "इथे सगळं मिळतं आई," शंतनू म्हणाला. त्या म्हणाल्या, "असू दे."

जिथे काहीच मिळत नव्हतं अशा गावात त्यांनी एकोणीस वर्षं काढली होती. ओमानच्या किनाऱ्यावरचं हुवैरा. पुढे समुद्र, मागे वाळवंट, मोठं शहर पाच तासांवर. तिथल्या सरकारी दवाखान्यात त्या नर्स होत्या. सासऱ्यांचं हृदय लवकर थकलं, नोकरी सुटली, म्हणून मिरजेहून या निघाल्या. शंतनू तेव्हा सहा वर्षांचा. तो वडील आणि आजीजवळ वाढला. "मला आई वर्षाला पंचेचाळीस दिवस मिळायची," हे त्याने लग्नाआधी मला एकदा सांगितलं होतं. पुन्हा तो विषय काढला नाही.

आईही हुवैराबद्दल बोलत नसत. त्या भाजी निवडत, कपड्यांच्या घड्या घालत, आमच्या सियाला मराठीत प्रश्न विचारत आणि तिची इंग्रजीतली उत्तरं ऐकून घेत. खरं सांगते, मला वाटायचं की त्यांच्याकडे सांगण्यासारखं फारसं नसावं.

गेल्या दिवाळीत मंडळाच्या फराळाला वल्लरी भेटली. पुण्याची मुलगी, कोलंबसला भूगर्भशास्त्रात पीएचडी करते. "जानेवारीत फील्डवर्क आहे, ओमानला. हुवैरा म्हणून गाव आहे. ऑनलाइन काही म्हणजे काही मिळत नाही यार," ती मला सांगत होती. शेजारी बसलेल्या आईंनी प्लेट खाली ठेवली.

"हुवैराला? शनिवारी घरी ये," त्या म्हणाल्या. "वही घेऊन ये."

त्या शनिवारी मी आमच्या आईंना पहिल्यांदाच असं बोलताना ऐकलं.

"पेट्रोलचा पंप दिसला की थांबायचं. टाकी अर्धी भरलेली असली तरी भरायची. पुढचा पंप चालू असेल असं धरून चालायचं नाही. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं. उंट रस्त्यावर येतात, ते गाडीला घाबरत नाहीत. ओढ्याला पाणी वाहत असेल तर घोटाभर का असेना, गाडी घालायची नाही. थांबायचं."

"किती वेळ, काकू?"

"पाणी ओसरेपर्यंत. मी एकदा दीड दिवस थांबलेय. आणि किनाऱ्याजवळ पांढरी, सपाट जमीन दिसेल. पक्की वाटते, पण वर फक्त मिठाचा पापुद्रा असतो, खाली चिखल. आधीच्या गाड्यांची चाकं जिथून गेलीत, तिथूनच जायचं."

वल्लरी भराभरा लिहीत होती.

"घरी बोलावलं तर जा. कॉफीला नाही म्हणू नकोस. पुरे झाली की कप असा जरासा हलवायचा, नाहीतर ते ओततच राहतात. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नकोस. शुक्रवारी दुपारपर्यंत दुकानं बंद. आणि काही बिघडलं तर गाडी सोडून चालत निघायचं नाही. कुणीतरी येतंच."

"नाही आलं तर?"

"येतंच," आई म्हणाल्या.

त्यांनी हे सगळं पाठ केल्यासारखं सांगितलं, कारण ते पाठच होतं. दवाखान्यात नवा डॉक्टर किंवा नवी नर्स आली की पहिल्या दिवशी समोर बसवून त्या हेच सांगत. त्यांना स्वतःला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात त्या एका घरी एकाच बैठकीत कॉफीचे अकरा कप प्यायल्या होत्या.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी आम्ही पोहे खात होतो. बाहेर बर्फ. आईंच्या फोनवर वल्लरीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या मागे पांढरी जमीन आणि मावळतीचं ऊन.

"काकू, सॉरी! शॉर्टकट घेतला. तुम्ही सांगूनसुद्धा. गाडी रुतली. पण चालत नाही निघालो, तीन तास बसून राहिलो. मग हे काका आले." तिने फोन वळवला. एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा पिकअपला टेकून उभा होता. "मी तुमचं नाव सांगितलं, तर मला जाऊच देत नाहीयेत."

"सालिम!" आई खुर्चीतून उठल्या आणि अरबीत बोलू लागल्या. मोठ्याने, हसत, हातवारे करत. सियाचा चमचा हवेतच राहिला. शंतनूने आईचं अरबी पहिल्यांदाच ऐकलं.

मग म्हातारा बराच वेळ बोलत राहिला आणि आई परत खुर्चीत बसल्या.

"काय म्हणतायत?" शंतनूने विचारलं.

"जुन्या गोष्टी," आई म्हणाल्या.

पण वल्लरीबरोबर रीमा होती, मस्कतच्या विद्यापीठातली मुलगी. तीही हुवैराला पहिल्यांदाच आलेली. तिने आपणहून म्हाताऱ्याचं बोलणं इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. सिस्टरचे पती वारले तेव्हा वादळ झालं होतं. रस्ता वाहून गेला होता. सिस्टर पाण्याच्या कडेला सामान घेऊन उभ्या होत्या, चालत जाते म्हणत होत्या. समुद्र अजून शांत झाला नव्हता, कुणी होडी काढेना. दुसऱ्या दिवशी पहाटे सालिमने काढली. सहा तास. सिस्टर पूर्ण वेळ होडीतलं पाणी उपसत होत्या. पुढच्या बंदरावर त्याच्या भावाने त्यांना ट्रकने विमानतळावर पोचवलं.

शंतनू तेव्हा चौदा वर्षांचा होता. अग्नी त्यानेच दिला होता. आई तिसऱ्या दिवशी पोचली, एवढंच त्याला माहीत होतं.

"तू कधी बोलली नाहीस," तो म्हणाला.

"उशीर झालाच होता रे. कसा झाला ते सांगून काय होणार होतं?"

तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. मी त्याच्यामागे गेले नाही. थोड्या वेळाने परत येऊन त्याने आईंच्या हातातून फोन घेतला.

"आई, थँक यू कसं म्हणायचं?"

"शुक्रान."

"शुक्रान," तो स्क्रीनकडे बघत म्हणाला. पुन्हा म्हणाला, "शुक्रान, काका."

सालिमने छातीवर हात ठेवला आणि काहीतरी बोलला. या वेळी रीमाच्या आधी आईंनीच सांगितलं, अडखळत. "म्हणतायत, बाकीच्या नर्स सुट्टीवर गेल्या की परत येत नसत. तुझी आई दर वर्षी परत आली."

त्याच परत जाण्याने शंतनूचं लहानपण रिकामं केलं होतं.

त्याने आईंच्या खांद्यावर हात ठेवला. "त्यांना सांग, ती आमच्याकडेही दर वर्षी यायची. एकदाही चुकली नाही."

आईंनी ते अरबीत सांगितलं. एकही शब्द न गाळता.

वल्लरी मार्चमध्ये परत आली ती सालिमने दिलेल्या खजुरांचा डबा घेऊन. डिसेंबरमध्ये आम्ही चौघं जाणार आहोत. तिकिटं काढलीत. शंतनू रोज संध्याकाळी वही घेऊन आईंसमोर बसतो आणि त्या त्याला पंपापासून सुरुवात करून सगळं सांगतात. सिया मध्येच विचारते, "आजी, उंट खरंच घाबरत नाहीत?"