टाकी धुतल्याचा दिनांक

हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. ती जाऊन सहा वर्षं झाली. मुलाला सांगितलं नाही, सुनेला सांगायचा प्रश्नच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. म्हणजे बघा — सांगायचं ठरवलं तेव्हासुद्धा मी सोपीच जागा शोधली.

मी गावाचा पाणीवाला होतो. कोरेगावपासून सात मैलांवर आमचं गाव, आणि ग्रामपंचायतीच्या नळयोजनेवर मी एकटा माणूस. नदीकाठच्या विहिरीवरची मोटर चालू करायची, टाकी भरायची, सकाळी साडेसहाला व्हॉल्व्ह सोडायचा, आठला बंद करायचा. नव्वद सालानंतरची गोष्ट. आता मी सांगलीला मुलाकडे असतो, इथलं पाणी कोण सोडतं ते मला ठाऊकही नाही. गावात मात्र पाच मिनिटं उशीर झाला तर बायका माझ्या नावानं शंख करायच्या, आणि खरं सांगू? मला ते आवडायचं. आपल्यावाचून गावाचं अडतं, हे कुणाला आवडत नाही?

सुखदेव माझ्या वर्गातला. सातवीपर्यंत एका बाकावर नव्हतो, पण एका वर्गात होतो. तो मिलिटरीत गेला, पंधरा वर्षांनी पेन्शन घेऊन परत आला आणि आल्या आल्या त्यानं एकच गोष्ट धरून ठेवली — वस्तीला नळ. गावात नळ येऊन नऊ वर्षं झाली होती. पण पाइपलाइन चावडीपाशी येऊन थांबली होती, आणि ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीतली एकवीस घरं ओढ्याकाठच्या जुन्या विहिरीवरनं पाणी ओढत होती. उन्हाळ्यात ती विहीर तळ दाखवायची. गावातल्या कुणी कधी ‘नको’ म्हटलं नव्हतं, हेही खरं. फक्त दर वेळी काहीतरी राहून जायचं.

सुखदेवनं वर्षभर कागद फिरवले. पाइप मंजूर झाले, चर खणायची मजुरी मात्र मंजूर झाली नाही. तेव्हा त्यानं एकेका घराला दोरीनं मापून चर वाटून दिली, आणि बायकामाणसांनी आपापला तुकडा खणून काढला. जोड मी स्वतः मारले. पहिल्या दिवशी पाणी सोडलं तेव्हा सुखदेवची आई नळाखाली हात धरून नुसती उभी राहिली. घागर बाजूला तशीच रिकामी. शेवटी सुखदेवच ओरडला, “आये, भर की गं, वाया चाललंय!” सगळे हसले. मीही हसलो.

आठ-दहा दिवसांनी गावातल्या नळाला गढूळ पाणी यायला लागलं. सुरुवातीला स्वच्छ यायचं, मग साडेसातच्या पुढं पिवळट, आणि शेवटी शेवटी तांबूस. पेला भरून ठेवला की तळाला गाळ बसायचा. पांढरे कपडे धुतले की तांबडे डाग. कुणाचं तरी लेकरू जुलाबानं आजारी पडलं — ते पाण्यानंच पडलं का, हे कोण सांगणार? पण बोलणं सुरू झालं. कुणी काही वावगं बोललं नाही, आमच्याकडं असं उघड कुणी बोलत नाही. “तिकडं लाईन गेल्यापास्नंच हे हाय,” एवढंच. चावडीवर तेच, पिठाच्या गिरणीत तेच.

सरपंचांनी मला बोलावून सांगितलं, कुठनं घाण शिरतीय ते शोधून काढ. मी शोधायला निघालो. औषधाच्या रिकाम्या बाटल्या धुऊन घेतल्या आणि घरोघरच्या नळाचं पाणी त्यांत भरून, प्रत्येकीवर कागदाची चिठ्ठी डकवून, पंचायतीच्या खिडकीत ओळीनं मांडल्या. लोक येऊन बघायचे, बाटल्या उजेडात धरायचे. मी वाकून जोड तपासायचो, पाइपाला कान लावायचो. चार दिवस असं चाललं. त्या चार दिवसांत माझं मन कसं होतं विचाराल तर — काहीच नव्हतं. बधिर झालेल्या हातानं काम करावं तसं मी सगळं करत होतो.

कारण मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

आता ते सांगायला हवं. टाकीच्या खांबावर, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, पांढऱ्या चौकोनात रंगवलेलं असायचं — ‘टाकी धुतल्याचा दिनांक’. त्याच्यापुढं मोकळी जागा. दर महिन्याला टाकी रिकामी करायची, शिडीनं वर जायचं, आत उतरून घासायची, गाळ काढायचा, आणि खाली येऊन तारीख रंगवायची. साहेब लोक तपासणीला आले की ती तारीख बघायचे. वर कुणी चढायचं नाही.

मी दीड वर्ष टाकी धुतली नव्हती. तारीख मात्र दर महिन्याला रंगवली. जुनी पुसायची, नवी लिहायची — अक्षर माझं चांगलं होतं.

का नाही धुतली? शिडीची भीती वाटायची, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. भीती नव्हती. कंटाळा होता. आत कोंदट असतं, पाठ भरून येते, आणि एकदा नाही केलं तर काही बिघडलं नाही. मग दुसऱ्यांदा नाही केलं. तारीख लिहायला टाकीवर चढावं लागत नाही, हे एकदा लक्षात आलं की मग संपलंच ना?

गाळ साचत साचत तळाच्या पाइपाच्या तोंडापर्यंत आला होता. पूर्वी गावाचं पाणी भरून झालं तरी टाकीत तीन-चार फूट पाणी उरायचं, म्हणून गाळ हलत नव्हता. एकवीस घरं वाढली आणि टाकी रोज तळापर्यंत रिकामी व्हायला लागली. म्हणून सुरुवातीला स्वच्छ आणि शेवटी तांबूस. हे ओळखायला बाटल्या लागत नव्हत्या. वस्तीच्या नळानं घाण आणली नव्हती, माझी घाण फक्त उघडी पाडली होती.

पाचव्या दिवशी सुखदेव टाकीपाशी आला. खांबाला हात टेकून उभा राहिला. मग म्हणाला, “गड्या, खरं सांग. टाकीत काय न्हाई न्हवं?”

मी म्हणालो, “न्हाई रं. परवाच धुतलीया. तारीख लिवलीया की.”

त्यानं तारीख वाचली. “तू म्हणतोस म्हंजे झालं,” असं म्हणाला आणि गेला.

तिथं सांगता आलं असतं. आम्ही दोघंच होतो. तो ओरडला असता, कदाचित हसलाही असता, दोघांनी मिळून टाकी धुतली असती आणि विषय मिटला असता. किती सोपं होतं! पण मला वाटलं, नोकरी जाईल. नोकरीपेक्षाही — लोक काय म्हणतील. साडेसहाचा माणूस मी.

दुसऱ्या दिवशी सुखदेवनं वस्तीतली सगळी लाइन उकरायला काढली. कुठल्या तरी जोडातून ओढ्याचं पाणी आत शिरत असणार, असं त्याला वाटलं. म्हणजे मी त्याला वाटू दिलं. पुन्हा तीच माणसं, तेच तुकडे, त्याच पहारी. या वेळी कुणी हसत नव्हतं. “कसली लाईन टाकली रं सुखदेवा,” असं त्याचीच माणसं त्याला म्हणत होती, आणि तो मान खाली घालून माती ओढत होता. मी काय केलं? मीही चरीत उतरलो. दोन दिवस त्यांच्याबरोबर खणलं. दुपारी त्यांच्यात बसून भाकरी खाल्ली. गावातला माणूस वस्तीत पंगतीला बसून जेवतो, याचं तेव्हा त्यांना केवढं वाटलं! सुखदेवच्या आईनं मला दोनदा कालवण वाढलं. मी खाल्लं.

लाइनीत काहीच सापडलं नाही. एक जोडही गळत नव्हता. ते सगळे मीच मारलेले होते.

ग्रामसभेत ठरलं, पंधरा दिवस वस्तीची लाइन बंद ठेवून बघू. कुणाच्या मनात काही नाही, नुसतं बघू. सुखदेवसुद्धा हो म्हणाला. दोष आपला नाही हे सिद्ध होईल, अशी त्याची खात्री होती. तो व्हॉल्व्ह मी माझ्या हातानं बंद केला.

दोन दिवस गावात पाणी गढूळच आलं. गाळ ढवळला गेला होता, तो थोडाच लगेच बसणार? लोक कोड्यात पडले. पिठाच्या गिरणीत कुणीतरी म्हणालंही, “मग त्या लोकांचा काय दोष?” आणखी दोन दिवस तसंच गेलं असतं तर वस्ती सुटली असती. आणि मग कुणीतरी शिडीवर चढलं असतं.

तिसऱ्या दिवशी कोरेगावचा बाजार होता. दुपारी गाव रिकामं झालं. मी झाडू आणि घमेलं घेऊन वर गेलो. आत घोट्याच्या वर गाळ होता, हाताला मऊ, गार. खालचा व्हॉल्व्ह उघडून मी तो सगळा मागच्या रानात सोडून दिला. तीन तास लागले. दीड वर्ष जे केलं नाही ते तीन तासांत झालं. संध्याकाळी टाकी भरली, सकाळी पाणी सोडलं. काचेसारखं पाणी आलं.

गावाला पुरावा मिळाला. लाइन बंद केली आणि पाणी साफ झालं — आता आणखी काय पाहिजे? मी स्वतःला वाचवायला टाकी धुतली आणि त्या एका दुपारीनं एकवीस घरांवर शिक्का मारला. हे धुताना मला कळत होतं का? होतं. मी काही भोळा नव्हतो.

पुढच्या ग्रामसभेत सुखदेव उभा राहिला. मिलिटरीत सरळ उभं राहायची सवय, तसाच सरळ. “आवं सरपंच, आमच्या लायनीमुळं गावाला तरास झाला. माफी असावी,” म्हणाला. मी दाराशी उभा होतो. माझ्यासमोर माझ्या गुन्ह्याची माफी दुसरा माणूस मागत होता आणि मी ती मागू दिली. मला स्वतःची किळस आली, पण ती किळससुद्धा सकाळच्या पाळीपर्यंतच टिकली.

पंधरा दिवसांची दोन वर्षं झाली. वस्ती पुन्हा ओढ्याच्या विहिरीवर गेली. सुखदेवचं कुणी ऐकेनासं झालं, त्यानंही पुढं होऊन बोलायचं सोडलं. त्याची आई त्याच दोन वर्षांत गेली. वयानं गेली, माझ्यामुळं नाही. पण तिच्या शेवटच्या आंघोळीचं पाणी विहिरीवरनं खेपा घालून आणावं लागलं, आणि पन्नास पावलांवर माझ्या हातानं बंद केलेला व्हॉल्व्ह होता. मी मातीला गेलो होतो. सुखदेव माझ्या गळ्यात पडून रडला.

मग नवीन योजना आली, मोठी टाकी झाली, वस्तीला वेगळी लाइन मिळाली. पाणी सोडायच्या दिवशी वस्तीनं छोटा मांडव घातला. सरपंचांना हार, साहेबांना हार. शेवटी सुखदेवनं माईक घेतला आणि माझं नाव पुकारलं. “त्या वक्ताला सगळं गाव आमच्याकडं पाठ करून हुतं. ह्यो एकटा माणूस आमच्यासंगट चरीत उतरला,” असं म्हणाला. त्यानं माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. टाळ्या वाजल्या. मला दोन शब्द बोलायचा आग्रह झाला.

मी बोललो. चांगली पाच मिनिटं बोललो — माणुसकी, एकोपा, असलं काहीतरी. मधे एकदा माझाही आवाज भरून आला. सुखदेव पुढच्या रांगेत बसून डोळे पुसत होता.