ओळख पटवायचा दिवस

रविवारी सकाळी अण्णांना सासवड रस्त्यावरच्या वृद्धाश्रमात सोडायचं, हे त्यांच्या मुलानं, साईनाथनं, बुधवारीच सांगून टाकलं होतं. म्हणून शनिवारी मुलगा-सून कामावर गेल्याबरोबर बायडाबाईंनी नवऱ्याला धुतलेला सदरा घातला, पिशवीत एक जादा पायजमा टाकला आणि हडपसरच्या गाडीतळावरून स्वारगेटची बस धरली.

साईनाथ वाईट नव्हता. दोन वर्षांत अण्णा, म्हणजे मच्छिंद्रअण्णा, दोनदा हायवेच्या मधोमध जाऊन उभे राहिले होते. महिन्यापूर्वी तर सुनेला चोर समजून त्यांनी तिच्यावर खुर्ची फेकली. शेफाली मनगटाला प्लास्टर लावून खराडीच्या ऑफिसला जात होती आणि एका शब्दानं बोलली नव्हती. बोलली असती तर बायडाबाईंना बरं वाटलं असतं.

डॉक्टर मागं एकदा म्हणाले होते, जुन्या ओळखीच्या वस्तू दाखवत जा, कधीकधी आठवतं. पण घरात जुनं काही उरलंच नव्हतं. जमिनीवर इमारती झाल्या, राहायला सातव्या मजल्यावर फ्लॅट आला आणि नांगर, पाटा, कणगी सगळं भंगारात गेलं. जुन्या वस्तू होत्या त्या शहरातल्या संग्रहालयांत. पाहुणे गावाहून येऊन ती बघून जायचे. इतकी वर्षं शेजारी राहून हे दोघं कधी गेले नव्हते.

बायडाबाईंचा बेत साधा होता. अण्णांनी चार वस्तू ओळखायच्या, बायकोचं नाव सांगायचं, त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढायचा आणि रात्री साईनाथला दाखवायचा.

बाजीराव रोडजवळच्या त्या संग्रहालयात त्या नवऱ्याचा हात धरून एकेका कपाटापुढं थांबल्या. दिवे, कुलपं, अडकित्ते. अण्णा काचेतल्या आपल्या प्रतिबिंबाकडेच बघत होते.

"अवो, हे मापटं न्हाई का? ज्वारी मोजायला आपल्याकडं हुतं. वळखा की."

"हां," अण्णा म्हणाले.

"हां काय? नाव सांगा."

बाईंनी काचेवर बोट टेकवलं तसा तिथला कर्मचारी म्हणाला, "काकू, काचेला हात न लावता पण दिसतं."

त्या ओशाळल्या, पण थांबल्या नाहीत. मग त्यांनी लबाडी केली. आधी कानात नाव सांगायचं, लगेच मोबाइल सुरू करून विचारायचं. "मापटं," अण्णा म्हणाले. दुसऱ्यांदा विचारलं तर, "कुलूप." तिसऱ्यांदा काहीच नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंत अण्णांचा पायजमा ओला झाला होता. बायडाबाईंनी त्यांना खाली नेलं, स्वच्छतागृहाच्या दाराला पाठ लावून आत कोणी येऊ नये असं बघत कपडे बदलले. ओला पायजमा पिळताना त्यांना पहिल्यांदा रडू आलं. साईनाथचे फोन येत होते. त्यांनी उचलले नाहीत.

आता घरी जायला हवं होतं. पण घरी गेलं की रविवार येणार होता. त्यांनी रिक्षाला हात केला आणि कोथरूडच्या, छोट्या रेल्वेगाड्यांच्या संग्रहालयाचा पत्ता सांगितला. अण्णांचं शेत रुळांना लागून होतं. घड्याळ न बघता, गाडीवरून ते वेळ सांगायचे.

तिथं बोटभर सिग्नल पडले, गाड्या बोगद्यातून पळायला लागल्या आणि अण्णा पुढं झुकून हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. बायडाबाईंना व्हिडिओत त्यांच्या शेजारी उभं राहायचं होतं. शेजारी सोलापूरहून आलेल्या एक बाई उभ्या होत्या, शालूताई नावाच्या. "ताई, येवढं आमचं शूटिंग काढा," म्हणत बायडाबाईंनी मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि पदर सारखा करून नवऱ्याला खेटून उभ्या राहिल्या.

शालूताईंनी हौसेनं विचारलं, "काका, मजा येतेय ना? आणि या कोण तुमच्या?"

अण्णांनी बायकोकडे नीट पाहिलं. मग ते शालूताईंकडे वळून हळूच म्हणाले, "ही बाई कोण म्हाईत न्हाई. सकाळधरनं मला हिंडवतीया. पाय दुखत्यात माझं. तुमी मला घरी सोडता का? बायडा वाट बघत आसंल. मी गेल्याबगार जेवत न्हाई ती."

शालूताईंनी मोबाइल खाली केला. "अगंबाई," एवढंच त्या म्हणाल्या.

बायडाबाई रुळांच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. गाड्या चालूच होत्या.

संध्याकाळी साईनाथ दारातच ओरडला, "आई, कुठं होतीस? पोलिसांत जाणार होतो मी!" त्यांनी मोबाइल पुढं केला. सगळं बघून झाल्यावर तो खाली बसला. "आई, अण्णांना तुझं नाव तरी आठवतंय गं."

"नाव ऱ्हायलंय," बायडाबाई म्हणाल्या. "मी न्हाई ऱ्हायले."

शेफालीनं डाव्या हातानं ताट वाढलं. कोणी जेवलं नाही.

रविवारी अण्णा गाडीत बसेनात. साईनाथला ढकलून ते पार्किंगमधल्या खांबाला मिठी मारून उभे राहिले. वॉचमन बघत होता, वरच्या बाल्कन्यांतून लोक बघत होते. शेवटी बायडाबाई पुढं झाल्या.

"चला पाव्हनं. बायडाकडं सोडते तुमाला."

अण्णांनी लगेच खांब सोडला.

आता बायडाबाई आठवड्यातले चार दिवस वृद्धाश्रमात जातात. अण्णा कधी त्यांना शेजारी बसवून घेतात, पिकापाण्याचं बोलतात. कधी, "तू फसवलंस मला," म्हणून हाकलून देतात. हाकललं की त्या फाटकाबाहेरच्या दगडावर अर्धा तास बसतात आणि पुन्हा आत जातात. तोवर ते विसरलेले असतात.